पगारातून देणगी, कंपनीची जोडरक्कम आणि सीएसआर अनुदान : छोट्या संस्थांनी तयारी कशी करावी?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात आता बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापून संस्थांना देण्याची सोय असते. काही ठिकाणी कंपनी तेवढीच भर घालते, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या शिफारशीवर छोटी अनुदाने मिळतात. तालुक्याच्या गावी अभ्यासिका, वाचनालय, बालवाडी, महिला गट चालवणाऱ्या संस्थांना हे पैसे खरोखर उपयोगी पडतील. पण अर्ज अडकतात, आणि बहुतेक वेळा काम वाईट असते म्हणून नाही, कागद अपुरे असतात म्हणून.

या धाग्यावर नेमकी माहिती गोळा करूया. कुठले कागद, कुठल्या क्रमाने, कुठे अडते आणि का अडते. समोर ठेवायला उदाहरण : चाळीस मुलांची अभ्यासिका, संस्था नोंदणीकृत, वार्षिक जमाखर्च सात-आठ लाखांचा, कंपनीतली पन्नास-साठ माणसे मदत करायला तयार.

जमाखर्च
चांगला विषय. सुरुवात एका फरकापासून करतो, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. कंपनीच्या दारातून येणारा पैसा तीन प्रकारचा असतो आणि तिघांचे नियम वेगळे.

पहिला, कर्मचाऱ्याचा स्वतःचा पैसा. पगारातून कापला गेला तरी तो त्या व्यक्तीचीच देणगी. पावती त्या व्यक्तीच्या नावाने, पॅनसह. कंपनी फक्त पोचवते. हा पैसा कंपनीच्या सीएसआर (कायद्याने ठरवून दिलेल्या सामाजिक) खर्चात धरला जात नाही.

दुसरा, कंपनीची जोडरक्कम, म्हणजे मॅचिंग. ही कुठल्या खात्यातून येते हे पहिल्याच भेटीत विचारा. सीएसआरच्या तरतुदीतून येत असेल तर तिला सीएसआरचे सगळे नियम लागू. कंपनी सीएसआरबाहेरून देत असेल तर गोष्ट सोपी होते.

तिसरा, सरळ प्रकल्पासाठी सीएसआर अनुदान. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक जरी आधीच्या आर्थिक वर्षी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, तेही अनुसूची ७ मधल्या विषयांवरच.

हिशोब करून बघा. ६० कर्मचारी, दरमहा ३०० रुपये, म्हणजे महिना १८,००० आणि वर्षाला २,१६,०००. कंपनीने तेवढीच भर घातली तर ४,३२,०००. पण ही भर सीएसआरची असेल तर दुसरे २,१६,००० प्रकल्पाला बांधलेले आहेत. त्यातून संस्थेच्या कार्यालयाचे थकलेले भाडे देता येणार नाही. पहिल्या २,१६,००० मधून देता येते. म्हणून माझा आग्रह असा की दोन्ही पैशांची खातेवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, आणि कर्मचाऱ्यांचा मोकळा पैसा लहान दिसला तरी त्यालाच जास्त जपा. संस्था उभी राहते ती त्या पैशावर.

धर्मादाय_खिडकी
कागदांचे मी लिहितो. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटीसुद्धा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली असते. म्हणजे दोन क्रमांक : सोसायटीचा आणि न्यासाचा. न्यासाच्या क्रमांकात सोसायट्यांना 'एफ' अक्षर असते. अर्जात दोन्ही लिहा.

खरी अडचण शेड्यूल-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदवहीच्या, उताऱ्यात असते. कंपनीची कायदेविषयक मंडळी हा उतारा मागतात आणि त्यावरची विश्वस्तांची नावे अर्जावरच्या सह्यांशी ताडून पाहतात. उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचे कार्यकारी मंडळ, त्यातले दोघे वारलेले, अर्जावर सही नव्या सचिवांची. अर्ज तिथेच थांबतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. अनेक संस्था निवडणूक घेतात, इतिवृत्त लिहितात आणि हा अर्ज करत नाहीत, किंवा करतात पण पाठपुरावा सोडतात.

प्रलंबित असेल तर काय? उताऱ्यासोबत दाखल केलेल्या प्रत्येक बदल अर्जाची पोच, त्यावरचा क्रमांक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि 'आजचे कार्यकारी मंडळ' असा ठराव जोडा. बऱ्याच कंपन्या तेवढ्यावर पुढे जातात. तीन निवडणुकांचे अर्ज एकावर एक साचले असतील तर मात्र आधी तेच निस्तरा, कारण पहिला मंजूर झाल्याशिवाय पुढचे मार्गी लागणे अवघड असते.

बाकीची फाइल : घटना किंवा न्यासपत्र, पॅन, आयकरातल्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) चे आदेश, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचीसह, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे (संस्थांसाठी आयटीआर-७) आणि लेखापरीक्षण अहवाल, दर्पण या संस्थांच्या सरकारी नोंद-पोर्टलचा क्रमांक, रद्द केलेला धनादेश. धनादेशावर संस्थेचे नाव घटनेतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. 'शिक्षण प्रसारक मंडळ' आणि 'शिक्षण प्रसारक मंडळी' एवढ्या फरकावर बँकेची पडताळणी नापास होते.

अनवाणी
धन्यवाद, धर्मादाय_खिडकी. माझा प्रश्न १२ए-८०जी च्या मुदतीचा. पूर्वी एकदा मिळाले की कायमचे असायचे ना?

जमाखर्च
आता नाही. नव्या संस्थेला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची, नियमित नोंदणी पाच वर्षांची. २०२५ च्या वित्त कायद्याने लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्यांना, नूतनीकरणात १२एबी (पूर्वीच्या १२ए ची आजची नोंदणी) दहा वर्षांची मिळू शकते. पण ८०जी पाचच वर्षांचे राहिले. त्यामुळे दोन्हींच्या मुदती आता वेगळ्या पडू शकतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी. ३१ मार्चला मुदत संपणाऱ्यांची तारीख ३० सप्टेंबर, आणि ती चुकवली तर पगारदेणगीच्या यादीतून कंपनी नाव काढते, कारण वैध ८०जी शिवाय त्यांना संस्था यादीत ठेवता येत नाही.

एक सूचना : १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. इथे आपण सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच आकडे वापरतोय. फॉर्म भरताना पोर्टलवरचा क्रमांक बघून घ्या.

सातारकर
सीएसआर-१ बद्दल कोणी लिहिलेच नाही. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. 'सीएसआर' ही अक्षरे आणि पुढे आठ अंक असा तो असतो. त्यासाठी लागते : संस्थेचा पॅन, विश्वस्तांचे पॅन, १२ए आणि ८०जी, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही, आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांचे प्रमाणन. डिजिटल सहीची मुदत संपलेली असणे हे विलंबाचे सर्वांत सामान्य कारण. ठराव करताना सही करणाऱ्याचे नाव, पद आणि 'सीएसआर-१ दाखल करण्याचा अधिकार' एवढे शब्द ठरावात हवेतच.

दुसरी अट : कंपनीने स्वतः स्थापलेली संस्था नसेल तर त्याच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. इथे 'त्याच स्वरूपाच्या' या शब्दांकडे लक्ष द्या. वाचनालय चालवणारी संस्था पाणलोटाचा प्रकल्प मागायला गेली तर तीन वर्षे मोजली जाणार नाहीत. घटनेतल्या उद्देशांत तो विषय नसेल तर अजिबातच नाही.

घाटमाथा
एक वेगळे मत मांडते. इतक्या छोट्या संस्थांनी सीएसआरच्या मागे लागूच नये असे मला वाटते. एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचे वर्षातले तीन महिने कागदांत जातात. कर्मचाऱ्यांच्या पगारदेणगीवर आणि गावातल्या वर्गणीवर थांबावे. अहवाल कमी, मोकळीक जास्त.

सातारकर
घाटमाथाताई, मोकळीक जास्त हे खरेच आहे. पण फर्निचर, संगणक, इन्व्हर्टर अशा एकरकमी खर्चाला पगारदेणगी पुरत नाही. आणि सीएसआर-१, अद्ययावत शेड्यूल-१, वेळेवर लेखापरीक्षण हे एकदा बसवले की दरवर्षी नव्याने करावे लागत नाही. पहिले वर्ष जड जाते. क्रम मात्र तुम्ही म्हणता तोच ठेवावा : आधी पगारदेणगी, कर्मचाऱ्यांची ये-जा, मग वर्षभराने त्यांच्याच शिफारशीने अनुदान. ओळख नसताना थेट सीएसआर विभागाला पाठवलेले प्रस्ताव फारसे वाचले जात नाहीत.

घाटमाथा
क्रमाबद्दल सहमत. मग एक अट घालीन : अनुदानावर चालणारा पगार ठेवू नये. वर्ष संपले की त्या माणसाला काय सांगणार?

जमाखर्च
ही अट मोलाची आहे, सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

आता करबाजू, कारण कर्मचाऱ्यांसमोर बोलताना इथे चुकीची आश्वासने दिली जातात. ८०जी मध्ये सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांपर्यंतच. पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाही. वर्षाला ३,६०० रुपये देणाऱ्याला जुन्या प्रणालीत १,८०० ची वजावट, २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून ३७४ रुपये कर वाचतो. नव्या प्रणालीत शून्य. म्हणून 'कर वाचवा' या शब्दांवर आवाहन उभे करू नका. किती मुलांचे किती महिने भागतात ते सांगा.

तरीही पावत्यांचे काम टळत नाही. दरवर्षी ३१ मे पर्यंत १०बीडी, म्हणजे देणगीदारांचे विवरणपत्र, आयकर विभागाकडे भरायचे आणि त्याच तारखेपर्यंत प्रत्येक देणगीदाराला १०बीई, म्हणजे देणगीचे प्रमाणपत्र, द्यायचे. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १०,००० ते १ लाखापर्यंत दंडाची तरतूद. कंपनी दरमहा एकच मोठी रक्कम खात्यात टाकते आणि यादी नंतर पाठवते, तिथे गोंधळ होतो. करारात लिहून घ्या की रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत यादी मिळेल, आणि यादीत हे रकाने असतील : पॅनवर आहे तसे नाव, पॅन, पत्ता, महिना, रक्कम, कर्मचाऱ्याची की कंपनीची. दर महिन्याला बँकेतली रक्कम आणि यादीची बेरीज जुळवा. मार्चनंतर बारा महिन्यांचे एकदम जुळवायला बसलात तर नोकरी सोडून गेलेल्यांचे पॅन मिळत नाहीत.

पैसा मध्यस्थ मंचामार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेमार्फत, येत असेल तर आधी ठरवा की ८०जी पावती कोण देणार. मंच स्वतः पावती देत असेल तर देणगी त्याच्या खात्यात मोजली जाते आणि तुम्हाला येते ते मंचाकडून आलेले अनुदान. दोघांनीही १०बीडी मध्ये तीच माणसे दाखवली तर कर्मचाऱ्याच्या विवरणपत्रात विसंगती दिसते.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ठेवलेली दानपेटीही सांभाळून. नाव-पत्ता नसलेली देणगी एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांत जे जास्त त्याच्या वर गेली तर वरच्या भागावर ३० टक्के कर. छोट्या संस्थेला १ लाखाची मर्यादा पुरते, पण पेटी उघडताना दोन साक्षीदार आणि मोजणीचा कागद हवा.

देवनार_पूर्व
मॅचिंगबद्दल : कर्मचाऱ्यांनी शनिवारी येऊन काम केले, त्या तासांचे पैसे सीएसआरमध्ये धरता येतात का? एका कंपनीचा असा प्रस्ताव आला आहे.

सातारकर
नाही. कर्मचाऱ्यांनी विनामूल्य दिलेल्या वेळेची रुपयांत किंमत करून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात स्पष्ट केले आहे. 'इतके तास काम झाले की संस्थेला इतके हजार अनुदान' अशी योजना कंपनी करू शकते, पण मग ते प्रत्यक्ष दिलेले पैसे असतात आणि ते प्रकल्पावर खर्च व्हावे लागतात.

त्याच खुलाशातल्या आणखी दोन गोष्टी. कॉर्पस म्हणजे कायम निधीला दिलेली रक्कम २२ जानेवारी २०२१ पासून सीएसआर धरली जात नाही. कायम निधी हवा असेल तर कर्मचाऱ्यांकडून, 'कायम निधीसाठी' असे त्यांच्याकडून लेखी घेऊन. दुसरे, कंपनीने तुमच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे तिचा खर्च झाला असे होत नाही. तुम्ही वापरले की झाला. यावर कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणपत्र द्यावे लागते.

मार्चमधल्या घाईचे कारण हेच. फेब्रुवारीत दोन लाख आले आणि ३१ मार्चपर्यंत वापरले गेले नाहीत तर कंपनीची अडचण. बारा महिन्यांचा प्रकल्प असेल तर संचालक मंडळाने तो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला आहे का, हे करारापूर्वी विचारा. तसे असेल तर उरलेली रक्कम कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या 'अखर्चित सीएसआर' खात्यात ठेवते आणि ती पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. तसे नसेल तर सहा महिन्यांत अनुसूची ७ मधल्या एखाद्या निधीला, उदाहरणार्थ पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला, द्यावी लागते. तुमच्या मुलांचे पैसे तिकडे जातात.

रानजाई
आता अंदाजपत्रक कोणी मांडेल का? चाळीस मुलांची अभ्यासिका, जागा ग्रामपंचायतीची, अनुदान सहा लाख, मुदत बारा महिने.

सातारकर
किमती नमुन्यादाखल, तुमच्या गावची तीन दरपत्रके घेऊन बदला.

दोन आसनी टेबल-खुर्ची २० संच, ५,५०० प्रमाणे : १,१०,०००
पंखे, एलईडी नळ्या, वायरिंग : ३८,०००
इन्व्हर्टर व बॅटऱ्या : ४२,०००
पुस्तके : ९०,०००
संगणक ३, ३८,००० प्रमाणे : १,१४,०००
व्यवस्थापक मानधन, ८,००० × १२ : ९६,०००
वीज व इंटरनेट, २,५०० × १२ : ३०,०००
मार्गदर्शन सत्रे, प्रवासासह : २४,०००
लेखापरीक्षण व विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा सीएचा दाखला) : १६,०००
संस्थेचा प्रशासकीय खर्च : ४०,०००
एकूण ६,००,०००

शेवटच्या ओळीवर कंपनी हटकून म्हणते की ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनाला आहे, एकूण सीएसआर खर्चावर. तुमच्या प्रकल्पाची आखणी, देखरेख, अंमलबजावणी तिच्यात येत नाही. नम्रपणे सीएसआर नियमांतल्या नियम २ मधली व्याख्या दाखवा. तरीही त्यांच्या अंतर्गत धोरणात कमी टक्का असू शकतो. मग लेखनिकाचे तास, प्रवास, छपाई असे प्रकल्पाच्या ओळींत मोडून दाखवा, कारण ते खर्च खरेच प्रकल्पाचे आहेत.

हप्ते बघा. नेहमीची वाटणी ४०-४०-२०. पहिला हप्ता २,४०,०००. फर्निचर, वायरिंग, इन्व्हर्टर मिळून १,९०,०००. दोन महिन्यांचे मानधन आणि वीज-इंटरनेट २१,०००. उरले २९,०००, त्यात थोडी पुस्तके. संगणक दुसऱ्या हप्त्यावर ढकला. प्रस्तावातच महिनावार खर्च असा मांडला नाही तर कंपनी 'संगणक का घेतले नाहीत' म्हणून दुसरा हप्ता अडवते.

आता मधला खड्डा. दुसरा हप्ता बहुधा पहिल्यातले ७५ टक्के खर्च झाल्याच्या हिशोबावर मिळतो. सीएकडे पंधरा दिवस, कंपनीच्या वित्त विभागात तीन-चार आठवडे. दीड महिना हाती काही नाही. या काळातले मानधन, वीजबिल कोण देणार? जमाखर्च यांनी वर सांगितलेला कर्मचाऱ्यांचा मोकळा पैसा. नंतर हप्ता आला की प्रकल्पाच्या खात्यातून ती रक्कम परत वळती करा, आणि आधी तसा ठराव करा. आणि २० टक्क्यांचा शेवटचा हप्ता, १,२०,०००, अनेकदा काम संपल्यावर मिळतो. तेवढी रक्कम फिरवायची ताकद नसेल तर ५०-४०-१० मागा. मागितले तर मिळते.

धर्मादाय_खिडकी
जागा ग्रामपंचायतीची असेल तर मासिक सभेचा ठराव, वापराचा किमान तीन वर्षांचा करार आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर हे स्पष्ट हवे. जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. संगणक, टेबले कोणाच्या मालकीची? कंपनीच्या मालकीची राहू शकत नाहीत. सीएसआर क्रमांक असलेली संस्था, लाभार्थींचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच. शाळेला दिली तर जडवस्तू नोंदवहीत चढवून त्या पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी प्रत घ्या. हे पान नसले की विनियोग प्रमाणपत्र अडते.

जमाखर्च
विनियोगाच्या कागदांत नेहमी सापडणाऱ्या चुका :

बिल सचिवांच्या नावाने. बिल संस्थेच्या नावाने आणि प्रकल्पाच्या कालावधीतलेच हवे. करारावर सही होण्याआधीच्या तारखेचे बिल कंपनी धरत नाही.

एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख. आयकरात तो खर्च धर्मादाय खर्च म्हणून मोजला जात नाही. सुतारालासुद्धा बँकेतून द्या.

मार्गदर्शकाला वर्षात ५०,००० च्या वर व्यावसायिक शुल्क दिले आणि १० टक्के टीडीएस कापला नाही.

सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, नाही. तो अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक नसलेले प्रमाणपत्र कंपनी परत पाठवते.

व्याज विसरणे. अनुदानासाठी वेगळे बचत खाते ठेवा. त्यावरचे व्याज त्याच प्रकल्पात वापरायचे आणि हिशोबात दाखवायचे.

मुलांच्या यादीला आधारच्या प्रती जोडणे. हे करू नका. नाव, इयत्ता, पालकांची संमती एवढे पुरते. कंपनीने क्रमांक मागितलाच तर शेवटचे चार आकडे. फोटोंसाठीही पालकांची लेखी संमती, आणि शनिवारी कर्मचारी येणार असतील तर मुलांसोबत कोणी एकटे थांबणार नाही हा नियम लेखी स्वरूपात.

अनवाणी
कंपनी फलकावर नाव आणि बोधचिन्ह मागते आहे. जीएसटीचा प्रश्न येतो का?

जमाखर्च
कृतज्ञता म्हणून देणगीदाराचे नाव लावले, त्यात त्यांच्या मालाची जाहिरात नाही, तर जीएसटी नाही. ११ ऑक्टोबर २०१९ चे परिपत्रक याच मुद्द्यावर आहे. पण करारात 'इतके फलक, इतक्या समाजमाध्यमी पोस्ट, कार्यक्रमात कंपनीच्या उत्पादनाचा स्टॉल' असे लिहिले तर ती सेवा होते. सीएसआरलाही ते चालत नाही, कारण विपणनासाठीचे प्रायोजकत्व वगळलेले आहे. करारात 'अनुदान' हाच शब्द ठेवा. खरेदी विभाग तुम्हाला पुरवठादाराचा फॉर्म पाठवतो, त्यात जीएसटी क्रमांक मागतो आणि पैसे देताना कंत्राटदारासारखा टीडीएस कापतो. नोंदणी नसल्याचे घोषणापत्र आणि 'ही सेवा नाही, अनुदान आहे' असे पत्र आधीच द्या.

सॅनहोजेकर
अमेरिकेतल्या मराठी कर्मचाऱ्यांसाठी थोडे. इथल्या मोठ्या कंपन्यांत मॅचिंग सर्रास आहे, बहुतेक वेळा बेनेव्हिटीसारख्या मंचावरून. मंचाच्या यादीत महाराष्ट्रातली संस्था दिसली म्हणून लगेच पैसे पाठवू नका. बेनेव्हिटीचा पैसा अमेरिकन ऑनलाइन गिव्हिंग फाउंडेशनमार्फत जातो, म्हणजे तो भारतीय कायद्याने परकीय योगदान ठरतो. संस्थेला एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतले खाते हवे. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही, पण ओसीआय कार्डधारकाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची, धरली जाते. आणि थेट पाठवलेल्या देणगीवर कंपनीचे मॅचिंग मिळत नाही.

एफसीआरए नसलेल्या संस्थेसाठी कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे वळवायचा विचार करू नये. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय पैसा एका संस्थेने दुसरीला देणे पूर्ण बंद आहे. मॅचिंग हवे असेल तर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या १९७८ पासून काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेला द्या. तुमच्या शहरातले महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकी कायद्याने करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर त्याच्या मराठी शाळेत शिकवलेल्या तासांवरही अनेक कंपन्या अनुदान देतात. शिक्षकांनी तास मंचावर नोंदवले पाहिजेत, आणि मंडळाच्या खजिनदाराने मंचावर मंडळाची पडताळणी केलेली असली पाहिजे. ही दुसरी पायरीच राहून जाते.

देवनार_पूर्व
मग परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या शाखेचे मॅचिंग? तेही परकीय का?

सॅनहोजेकर
भारतात नोंदलेली उपकंपनी स्वतःच्या भारतीय खात्यातून देत असेल तर साधारणपणे नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, परकीय भागभांडवल फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) मर्यादेत असलेली भारतीय कंपनी परकीय स्रोत मानली जात नाही. पण मॅचिंगचा पैसा परदेशातल्या फाउंडेशनच्या खात्यातून सुटत असेल तर ते परकीयच, मग कर्मचारी हिंजवडीत बसत असला तरी. मनुष्यबळ विभागाला एकच प्रश्न ईमेलने विचारा : जोडरक्कम कुठल्या देशातल्या, कोणाच्या खात्यातून येते? उत्तर लेखी येईपर्यंत खाते क्रमांक देऊ नका. साध्या खात्यात चुकून परकीय रक्कम आली तर निस्तरताना वर्ष जाते.

घाटमाथा
शेवटचा प्रश्न माझ्याकडून. आयटीत माणसे दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात. कंपनी सुटली की पगारातली कपात बंद. साठपैकी किती टिकतील यावर आपण व्यवस्थापकाचे मानधन कसे बेतायचे?

जमाखर्च
मानधनासारखा कायम खर्च पगारदेणगीच्या निम्म्यावरच बेता. वरच्या उदाहरणात महिना १८,००० येतात, तर ९,००० च्या वर बांधील खर्च नको. ८,००० चे मानधन त्यात बसते, म्हणजे अनुदान संपल्यावरही तो माणूस राहतो. उरलेले साठवून सहा महिन्यांचा राखीव निधी करा.

सोडून जाणाऱ्यांसाठी : पहिल्याच संमतीपत्रात वैयक्तिक ईमेल आणि 'संस्थेने संपर्क ठेवावा' अशी खूण मागा. कंपनीच्या ईमेलवर अवलंबून राहिलात तर शेवटच्या दिवशी तो बंद होतो. कपात थांबल्याचे यादीत दिसले की त्याच आठवड्यात यूपीआय ऑटोपेचा दुवा पाठवा, रक्कम तीच ठेवून. वर्षातून दोनदा सगळ्यांना एक पानाचे पत्र : किती मुले येतात, किती पुस्तके आली, जमा किती, खर्च किती. पहिले पत्र जुलैमध्ये, लेखापरीक्षण झाल्याबरोबर, आणि दुसरे जानेवारीत, कंपनीतल्या लोकांना पुढच्या वर्षीची संमती भरायची असते त्याच्या आधी.